मामांच्या संगणकाला कुलूप

यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा आता धड गाव राहिलेले नाही आणि पुरते शहरही झालेले नाही. एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला कपाशी. तेथे माझे थोरले मामा राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळांतून उभा जन्म मास्तरकी करून ते निवृत्त झाले आणि मुलाने घेऊन दिलेल्या लॅपटॉपवर आपल्या नोकरीच्या आठवणी लिहावयास बसले. निवृत्तिवेतनाचा हिशेब, बँकेचे काम, शेजारच्या पोरांचे परीक्षेचे अर्ज, सारे त्याच यंत्रावर.

गेल्या पोळ्याला मी गेलो तेव्हा मामा त्या यंत्रापासून चार हात दूर बसलेले दिसले. पडद्याच्या कोपऱ्यात दर मिनिटाला एक पाटी वर येई. कधी ‘तुमच्या संगणकात पाच विषाणू सापडले’, कधी ‘आता लगेच साफ करा’. ब्राउझर उघडावा तो कुठल्यातरी अनोळखी नावाचे पान पुढे येई. संगणक ‘वेगवान’ करून देणारी तीन निरनिराळी सॉफ्टवेअरे आत बसलेली, आणि तिघेही पैसे मागत होती. मामा म्हणाले, “मी तं काहीच केलं नाही बाप्पा. आपोआपच येऊन राहिलं सारं.”

आपोआप काही येत नसते, हे मी त्यांना सांगितले. पण मामांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, हे मला पुढे कळले. कसे, ते आज आपल्याला सांगावयाचे आहे. माझा विषय इतिहास, संगणकशास्त्र नव्हे. तेव्हा शास्त्रज्ञाच्या थाटात बोलणार नाही. घरात एक चूक करून बसलेल्या भाच्याच्या नात्याने बोलतो.

शेतकऱ्याला गाजर गवताची ओळख करून द्यावयाला नको. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे ते नजरेत भरू लागले. परदेशी गव्हाच्या पोत्यांतून ते आपल्याकडे आले, असे सांगतात. गाजर गवत कुणी मागवलेले नव्हते. मागवला होता गहू. नको असलेले सॉफ्टवेअर नेमके असेच येते. त्याला कुणी बोलावीत नाही. आपण दुसरेच काही बोलावतो आणि त्या पोत्यात ते असते. विषाणू आणि हे, यांत थोडा फरक आहे. विषाणू चोरासारखा मागच्या भिंतीवरून येतो. हे पाहुणे पुढच्या दाराने, तुमच्याकडून ‘हो’ म्हणवून घेऊन येतात आणि मग उठत नाहीत.

मामांनी काय काय मागवले होते, ते मी बसून विचारून घेतले. तीनच गोष्टी निघाल्या. मराठीत लिहिण्यासाठी काहीतरी हवे होते. एका मुलीच्या अर्जासाठी फोटो पन्नास केबीचा करावयाचा होता. आणि प्रिंटर चालत नव्हता, म्हणून त्याचा ड्रायव्हर हवा होता. तिन्ही गरजा खऱ्या. शिक्षक मंडळींना तर या रोजच्याच. मामांनी प्रत्येक वेळी गरज शोधाच्या चौकटीत लिहिली आणि सर्वांत वर जे नाव आले त्यावर बोट ठेवले.

येथेच पाय घसरतो. शोधात सर्वांत वर येणारी नावे पुष्कळदा पैसे भरून वर आलेली असतात. बाजूला बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ असे लिहिलेलेही असते, पण ते वाचतो कोण? त्या पानावर डाउनलोडची हिरवीगार मोठी बटणे असतात. त्यांतली निम्मी जाहिराती असतात. खरे बटण कुठेतरी खाली केविलवाणे होऊन बसलेले असते. फाइल उतरली की ती बसवताना ‘पुढे, पुढे, पुढे’ असे दाबीत जावयाचे. मधल्या एका पानावर आधीच खूण केलेल्या दोनतीन चौकटी असतात : अमुक शोधपट्टीही बसवू, तमुक सफाईवालाही बसवू. खूण आपण करीत नाही, ती काढावयाची राहून जाते. यामागे सरळ धंदा आहे. जितक्या संगणकांवर वस्तू बसेल तितक्यांमागे बसवणाऱ्याला दलाली मिळते.

आणि हे सारे गल्लीतले भुरटेच करतात, असेही नाही. लेनोवो या मोठ्या कंपनीने २०१४ च्या अखेरीस विकलेल्या कित्येक लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच घालून दिले होते. बँकेशी होणारे आपले सुरक्षित बोलणेही दुसऱ्याने ऐकावे, अशी फट त्यामुळे पडत होती. २०१५ च्या फेब्रुवारीत हे उघडकीस आले, आणि २०१७ मध्ये अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाशी त्या कंपनीला तडजोड करावी लागली. नवे कोरे यंत्र म्हणजे स्वच्छ यंत्र, असे समजू नये.

कोपऱ्यातल्या त्या भेडसावणाऱ्या पाट्यांचे गुपित मात्र वेगळेच निघाले. त्या संगणकाच्या आतून येतच नव्हत्या. कुठल्यातरी वेबसाइटने एकदा विचारले असणार, ‘आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का?’ आणि मामांनी, चौकट पुढून हटावी म्हणून, ‘परवानगी द्या’ दाबले असणार. त्या दिवसापासून ती वेबसाइट मामांच्या पडद्यावर हवे ते लिहू लागली. आत विषाणू एकही नव्हता. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन सूचनांची परवानगी काढून घेतली आणि पाट्या त्याच क्षणी बंद झाल्या. मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आता माझी चूक सांगतो. मामा दुपारी लवंडले होते. मी मनाशी म्हटले, म्हाताऱ्या माणसाला विचारावयाचे काय, आपणच बंदोबस्त करून टाकू. सर्व कचरा काढला, संगणकाला पासवर्डचे कुलूप घातले, तो पासवर्ड माझ्या डायरीत लिहिला आणि संध्याकाळच्या बसने अमरावतीला परतलो. मोठे पुण्य केल्याच्या थाटात!

पंधरा दिवसांनी मामांना प्रिंटर जोडावयाचा होता. यंत्राने पासवर्ड मागितला. त्यांनी मला फोन केला. मी वर्गावर होतो. दुसऱ्यांदा केला, मी परीक्षेच्या कामात होतो. तिसऱ्यांदा त्यांनी फोन केला नाही. ओळखीतल्या एका ‘कॉम्प्युटर समजणाऱ्या’ पोराला बोलावले. त्याने सरळ यंत्र पुसून टाकले आणि कुठूनतरी आणलेली चोरटी विंडोज त्यावर बसवून दिली. अशी चोरटी प्रत चालू करावयाची तर जे ‘क्रॅक’ लागते ते बसताना आधी विषाणूरोधक बंद करा म्हणते. त्याने तेही केले. पोराचा हेतू वाईट नव्हता. त्याने चहासुद्धा घेतला नाही. पण मामांचे लिखाण डेस्कटॉपवर ठेवलेले होते. डी ड्राइव्हमधले जुने वाचले. डेस्कटॉपवरची दोन प्रकरणे गेली. त्यांतले एक त्यांच्या पहिल्या एकशिक्षकी शाळेचे होते.

दिवाळीत गेलो तेव्हा मामा मला एक शब्द बोलले नाहीत. मामींनीच सांगितले. आणखीही एक गोष्ट सांगितली. लाल पाटी, मोठा भोंगा आणि एक फोन नंबर असे काहीतरी पडद्यावर आले. मामांनी त्या नंबरावर फोन लावला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यावयास सांगत होता, म्हणजे त्याला तिकडून मामांचा पडदा दिसला असता. तेवढ्यात बाहेर वासरू सुटले, मामींनी हाक मारली, आणि फोन राहून गेला. त्याच यंत्रावर मामांची बँक आहे. वासराने त्या दिवशी काय वाचवले, ते त्या वासराला ठाऊक नाही.

अशा दूरवरून पडदा दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरांबद्दल रिझर्व्ह बँकेनेही २०१९ च्या फेब्रुवारीत सावध केले होते. ती सॉफ्टवेअरे स्वतः वाईट नाहीत. दुरुस्तीच्या कामी प्रामाणिक माणसेही ती वापरतात. अनोळख्याला ती देणे म्हणजे तिजोरी उघडून आपण बाजूला उभे राहणे. खऱ्या धोक्याच्या सूचनेत मायक्रोसॉफ्ट कधी फोन नंबर देत नाही. अशी पाटी पडदा अडवून बसली तर ऑल्ट आणि एफ-४ ही बटणे एकत्र दाबावी. तेही न साधले तर यंत्र सरळ बंद करावे. आणि पैसे गेलेच तर लाजत न बसता १९३० या क्रमांकावर लागलीच कळवावे. येथे तासांना किंमत आहे.

या खेपेस मी मामांच्या शेजारी बसलो आणि आधी विचारले, “कुलूप लावू का?” मामा म्हणाले, “म्हणजे माझ्याच घरात मी भाडेकरू का रे?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देताना मला स्वतःलाच गोष्ट नीट समजली. जिनिंगचा मालक गावातच राहतो, रोज कारखान्यात येतो. पण तिजोरीची किल्ली खिशात खुळखुळवीत तो सरकीच्या ढिगावर चढत नाही. किल्ली घरी असते. लागली की आणवितो. मालकी त्याने सोडलेली नसते. कामाच्या वेळी किल्ली जवळ बाळगत नाही इतकेच.

संगणकातही माणसाच्या दोन भूमिका असतात. एक मालकाचे खाते. त्यातून सॉफ्टवेअर बसवता येते, काढता येते, सर्वांसाठी नियम बदलता येतात. दुसरे साधे खाते. त्यातून लिहावे, वाचावे, छापावे, बँकेचे काम करावे. पण संगणकाच्या मुळाला हात लावता येत नाही. ही विभागणी नवी नाही. १९७० च्या सुमाराच्या युनिक्ससारख्या प्रणाली पुष्कळ माणसांनी एक यंत्र वाटून घेण्यासाठी घडल्या होत्या, म्हणून तेथे सर्वाधिकारी एक आणि बाकीचे साधे. प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९७५ मध्ये स्पष्ट मांडून ठेवले. पण घरगुती संगणक आला तो एकट्याच्या वापरासाठी. २००१ सालच्या विंडोज एक्सपीत घरचे पहिले खाते मालकाचेच असे आणि बहुतेक लोक जन्मभर त्यातच वावरत. २००७ च्या व्हिस्टापासून संगणक मध्येच थांबवून ‘हे बदल करू देऊ का?’ असे विचारू लागला. तथापि मालकाच्या खात्यात नुसते ‘होय’ म्हटले की भागते. दिवसातून चार वेळा ‘होय’ म्हणणारा माणूस पाचव्यांदा वाचीत नाही. मामांचे ‘आपोआप’ ते हेच! साध्या खात्यात मात्र तोच प्रश्न मालकाचा पासवर्ड मागतो, आणि माणसाला थांबावे लागते.

मग आम्ही कामाला लागलो. आधी मामांचे उरलेले लिखाण एका पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवर असे दोन ठिकाणी उतरवून घेतले. हे झाल्यावाचून कशालाही हात लावू नये, हे मी दोन प्रकरणे गमावून शिकलो आहे. चोरटी विंडोज आणि तिचे क्रॅक साफ करीत बसण्यात अर्थ नव्हता. लॅपटॉपबरोबर विकत आलेल्या विंडोजचा परवाना बहुधा यंत्रातच नोंदलेला असतो; मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मूळ प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि ती नव्याने बसवली. एक पैसा लागला नाही. घरोघर लोक विकत घेतलेली खरी प्रत पुसून चोरीची बसवून घेतात, हे आपल्याकडचे एक आश्चर्य आहे.

पहिले खाते ‘घर’ या नावाचे मालकाचे केले, आणि दुसरे मामांच्या नावाचे साधे. ज्यांच्याकडे यंत्र आधीच चालू आहे त्यांना पुसण्याची गरज नाही, पण क्रम चुकवू नये. आधी नवे मालकाचे खाते तयार करावे. त्यात एकदा शिरून ते उघडते आहे याची खात्री करावी. आणि मगच जुने रोजचे खाते साधे करावे. उलट केले तर किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखे होते.

आणि पासवर्ड? तो या वेळी माझ्या डायरीत गेला नाही. मामांच्याच हाताने कागदावर लिहवून घेतला आणि सातबाऱ्याच्या कागदांबरोबर मामींच्या पेटीत ठेवला. किल्ली घरातच राहिली. फक्त ती घेण्यासाठी खुर्चीवरून उठावे लागते, आणि मामींना कारण सांगावे लागते.

एवढ्याने सर्व भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. काही सॉफ्टवेअर मुळाला हात न लावता वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कप्प्यातच बसते, त्याला मालकाचा पासवर्ड लागत नाही. म्हणून दुसरी कडी घातली. सेटिंगमधील ॲप्सच्या भागात ‘ॲप कुठून घ्यावयाचे’ हे ठरवता येते. तेथे फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअर एवढेच ठेवले. विंडोजच्या अंगच्या डिफेंडरमध्ये ‘नको असण्याचा संभव असलेले ॲप’ अडवण्याची सोय आहे, ती चालू आहे ना ते पाहिले. ब्राउझरमध्ये कुठल्याच वेबसाइटने सूचनांची परवानगी मागू नये असे ठरवून टाकले, आणि जाहिराती अडवणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ फायरफॉक्समध्ये घातले. हिरवी बटणेच दिसली नाहीत तर दाबणार कोण? विंडोज १० वापरणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे की तिची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे. यंत्राला पेलत असेल तर अकरावर जावे.

परंतु माझ्या मते खरे काम याच्याही पुढचे आहे, आणि पोळ्याला मी तेच केले नव्हते. मामांच्या तीन गरजा जागच्या जागीच होत्या. त्या भागल्या नसत्या तर हे कुलूपही त्या पोराने दिवाळीनंतर फोडले असते, आणि दोष मामांचा नसता. विहिरीवर झाकण टाकणाऱ्याने घरात पाण्याची सोय पाहावी.

मराठी लिहिण्यासाठी बाहेरून काही उतरवण्याची गरजच नव्हती. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये वर्षानुवर्षे आहे. आणि ज्यांना रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी २०१९ पासून उच्चारानुसारी कळफलकही त्यात आला आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो जोडला. फोटो लहान करण्यास विंडोजमधले साधे ‘पेंट’ पुरते. त्यात आकार बदलण्याचे बटण आहे. फोटो, मग सही, असे चार वेळा मामांकडून करवून घेतले. प्रिंटर तर नुसता जोडताच यंत्राने आपणहून ओळखला. नसता ओळखला तर तो बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावर जावयाचे, शोधातल्या पहिल्या नावावर नव्हे, हे कागदावर लिहून ठेवले.

शाळांतल्या शिक्षकांसाठी दोन शब्द. शाळेत एकच संगणक, त्यावर एकच खाते, त्यातच शालार्थ, त्यातच यू-डायस, आणि त्यातच मुलांचा तास, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी असते. मुख्याध्यापकांचे एक आणि मुलांचे साधे एक, अशी दोन खाती करावयास अर्धा तास पुरतो. बाहेरच्या पेनड्राइव्हमधील सर्व फोल्डर शॉर्टकट होऊन बसले, हा अनुभव ज्याला आला नाही असा शिक्षक विरळा. पेनड्राइव्ह जोडल्यावर आधी तपासणी, मग उघडणे. जेथे जुन्या यंत्रांना नवी विंडोज पेलत नाही तेथे लिनक्सचा विचार अवश्य करावा. केरळातील सरकारी शाळा अनेक वर्षांपासून त्यावर चालतात, आणि आपल्या सी-डॅकने ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांतली लिनक्स २००७ मध्येच तयार केली आहे. चोरटी प्रत आणि क्रॅक शाळेत आणू नये. मुलांसमोर कोणत्या तोंडाने आणावे, हा प्रश्न मी शिक्षकांवरच सोडतो.

संक्रांतीच्या आधी मामांचा फोन आला. मी वर्गावर नव्हतो, आणि असतो तरी उचलला असता. ते म्हणाले, कालच्याला एक चौकट आली, पासवर्ड मागत होती. ते उठून मामींकडे गेले. मामी भाकरी थापत होत्या. त्यांनी विचारले, “कायले पाहिजे?” मामांनी पुष्कळ विचार केला, कशाला पाहिजे ते त्यांना सांगता येईना. परत येऊन त्यांनी ती चौकट बंद केली.

मग त्यांनी मला ते गेलेले प्रकरण पुन्हा लिहिल्याचे सांगितले. पहिल्यापेक्षा ते लांब झाले आहे. त्यात शाळेचे गळके छप्पर आहे, नदीला पूर आल्यावर खांद्यावर बसवून आणलेली पोरे आहेत, आणि पूर्वी लिहावयाचा राहून गेलेला एक विद्यार्थी आहे. ते दोन पेनड्राइव्हवर आहे. एक मामांच्या टेबलात आणि एक पेटीत, सातबाऱ्याशेजारी.